नाकासमोर सत्तर किलोमीटर: मावळातून न दिसणारी बत्ती

लोणावळ्यात चिक्की मिळते, फज मिळतो, धुकं फुकट मिळतं आणि शनिवार-रविवारी गाड्यांची रांग तर मागावीही लागत नाही. समुद्र मात्र मिळत नाही. मग दीपगृहावरचा मजकूर मावळातल्या वाचकाच्या गळ्यात कशाला, असं वाटत असेल तर एक काम करा. लोहगडाच्या विंचूकाट्यावर उभे राहा, तोंड बरोबर पश्चिमेला करा आणि मनातल्या मनात नाकासमोर चालायला लागा. घाट उतरा, पाताळगंगेचं खोरं ओलांडा, अलिबागचे डोंगर चढून उतरा, थळच्या किनाऱ्यावरून पाण्यात शिरा. साधारण सत्तर किलोमीटरवर जो खडक पायाला लागेल, तो खांदेरी. त्याच्या डोक्यावर 1867 सालापासून दीपगृह उभं आहे.

लोहगड आणि खांदेरी, दोघांचाही अक्षांश 18 अंश 42 मिनिटांच्या घरात. एक हजार मीटरवर, दुसरा लाटांच्या तोंडाशी. 11 जुलै 2025 ला युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्या यादीतही हे दोघे शेजारी नांदतायत. तेव्हा मावळाला समुद्र नसला तरी समुद्रातला एक जोडीदार आहे, आणि त्याच्याकडे बत्ती आहे.

पण दिसेल का हो?

ट्रेकरांमध्ये हा वाद रंगतो, म्हणून गणित करून टाकू. डोळ्याची उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं, साडेतीनने गुणायचं. क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते कळतं. लोहगडाची उंची हजार मीटरच्या थोडी वर. वर्गमूळ बत्तीस. म्हणजे क्षितिज सव्वाशेच्या नाही तरी एकशेदहा किलोमीटरच्या पलीकडे. पृथ्वीची गोलाई इथे आडवी येतच नाही.

आडव्या येतात त्या दुसऱ्या दोन गोष्टी. पहिली म्हणजे किनाऱ्यालगतचे सागरगड-कनकेश्वराचे डोंगर. दुसरी म्हणजे हवा. समुद्रावरच्या मोठ्या दीपगृहांचा पल्ला वीस ते पंचवीस सागरी मैल असतो, म्हणजे फार तर सेहेचाळीस-सत्तेचाळीस किलोमीटर. तोही हवा बऱ्यापैकी स्वच्छ धरून. पल्ल्याचा आकडा छापताना दिवसा दहा सागरी मैलांपर्यंतचं दिसतंय असं गृहीत धरण्याचा जागतिक नियम आहे. खोपोलीवरच्या धुरकटात हे गृहीतक किती टिकेल ते तुम्हीच बघा. त्यामुळे लोहगडावरून खांदेरीची बत्ती पाहिली असं कोणी छातीठोकपणे सांगितलं, तर त्याला चहा पाजा आणि विषय बदला. त्याने बहुधा एखादा मोबाइलचा टॉवर पाहिला असेल.

बत्तीला ज्याचं नाव, लोहगडही त्याचाच

1998 मध्ये खांदेरीला कान्होजी आंग्रे यांचं नाव दिलं गेलं आणि दीपगृहही त्याच नावाने ओळखलं जाऊ लागलं. आंग्रे म्हटलं की कुलाबा, अलिबाग, गुराबा आणि गलबतं डोळ्यांपुढे येतात. पण 1713 साली या दर्यासारंगाने घाट चढून लोहगड आणि राजमाची घेतले होते. शाहू महाराजांनी त्यांच्यावर पेशवे बहिरोपंत पिंगळ्यांना पाठवलं. कान्होजींनी त्यांनाच कैद केलं. मग त्या वर्षाच्या नोव्हेंबरात पेशवेपद मिळालेले बाळाजी विश्वनाथ समजूत काढायला निघाले. दोघांची भेट झाली ती आपल्या लोणावळ्याजवळच्या वळवणला. पुढे 1714 च्या सुरुवातीला तह झाला, कान्होजी शाहूंकडे आले आणि सरखेलपद त्यांच्याकडेच राहिलं. मराठ्यांच्या आरमाराचं पुढचं सगळं प्रकरण ज्या बोलण्यांतून सुरू झालं, ती बोलणी समुद्राकाठी नव्हे, मावळात झाली.

वळवण हे नाव दोनशे वर्षांनी पुन्हा पुढे आलं, तेही उजेडाच्याच संदर्भात. टाटांनी वळवण, शिरवता आणि लोणावळ्याला धरणं बांधली, पाणी नळांतून खोपोलीला खाली सोडलं आणि 1915 पासून त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. खांदेरीची बत्ती मावळापर्यंत पोचत नाही, पण मावळाचं पाणी मुंबईत उजेड पाडून आलंय. व्यवहारात मावळ पुढेच आहे.

इंग्रजांना नको असलेला खडक

खांदेरीवर शिवाजी महाराजांनी 1679 च्या पावसाळ्याअखेर तटबंदीचं काम सुरू केलं. मायनाक भंडारी दीडशे माणसं आणि चार लहान तोफा घेऊन बेटावर उतरले. मुंबईच्या तोंडाशी, अवघ्या काही मैलांवर किल्ला उठतोय म्हटल्यावर इंग्रजांची झोप उडाली. सप्टेंबरात त्यांचा लेफ्टनंट थॉर्प बेटावर उतरण्याच्या नादात मारला गेला. ऑक्टोबरात मोठी लढाई झाली आणि त्यांचं 'डव्ह' जहाज मराठ्यांच्या हाती लागलं. इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना वाऱ्यासाठी ताटकळावं लागायचं. मराठ्यांच्या छोट्या होड्या रात्री वल्ही मारत रसद पोचवून परत यायच्या. पुढच्या जानेवारीत इंग्रजांनी नाद सोडला. सिद्दीने मात्र शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडलं, म्हणजे दोन किल्ले एकमेकांच्या तोंडाला तोंड देऊन वर्षानुवर्षं भांडत बसले.

गंमत बघा: ज्या बेटावर माणूस उतरू नये म्हणून इंग्रजांनी रक्त सांडलं, त्याच बेटावर पावणेदोनशे-दोनशे वर्षांनी त्यांनीच जहाजांना वाट दाखवायला दिवा लावला. बोरघाटातून रेल्वे सुरू झाली 1863 ला, खांदेरीची बत्ती 1867 ला. कापूस घाटातून खाली येत होता, तो न्यायला जहाजं येत होती, आणि ती खडकावर आपटून चालणार नव्हती.

बेटावर आज वेताळाचं देऊळ आहे आणि कोळी बांधवांची त्याच्यावर मोठी श्रद्धा. चाकांच्या लोखंडी गाड्यांवर बसवलेल्या जुन्या तोफा आहेत. आणि एक मोठा दगड आहे, त्यावर दुसऱ्या दगडाने ठोकलं की धातूचा नाद येतो. बेटावर गेलेला प्रत्येक माणूस तो ठोकून बघतोच.

बत्तीवाल्याची नोकरी कुणी खाल्ली?

एका दिवसात कुणीच खाल्ली नाही. तुकड्यातुकड्याने, शंभर वर्षांत, चार-पाच जणांनी मिळून खाल्ली. माझ्या मते दीपगृहांच्या गोष्टीतला सगळ्यात मजेदार भाग हाच आहे, म्हणून इथे जरा बैठक मारू.

आधी बत्तीवाल्याच्या कामांची यादी. संध्याकाळी दिवा लावायचा, पहाटे विझवायचा. तेल भरायचं, वाती कातरायच्या, काजळी पुसायची. भिंग फिरवणाऱ्या घड्याळी यंत्राला चावी द्यायची. यंत्राचं वजन मनोऱ्याच्या पोटातून हळूहळू खाली उतरतं, ते दर काही तासांनी हाताने वर ओढायचं, मग बाहेर वादळ असो की अंगात ताप. आणि दिवस उजाडला की एक काम, जे बाहेरच्या कुणाला कधी सुचणार नाही: भिंगाला पडदे लावायचे.

पडदे कशाला? कारण भिंग दोन्ही बाजूंनी काम करतं. रात्री आतल्या दिव्याचा उजेड गोळा करून बाहेर फेकतं, तसं दिवसा बाहेरचं ऊन गोळा करून आत, नेमकं दिव्याच्या जागी आणून सोडतं. पडदा विसरलात तर दिव्याचं वाटोळं, प्रसंगी आग. त्यामुळे सकाळी सातला मनोऱ्याच्या काचघरात पांढरे पडदे ओढले जायचे आणि बत्तीवाला झोपायला जायचा.

हे भिंग म्हणजे फ्रेंच इंजिनिअर ओगुस्तँ फ्रेनेलची करामत. त्याच्या आधी दिव्यामागे आरसे लावायचे आणि निम्मा उजेड आकाशात वाया जायचा. एवढ्या मोठ्या दिव्याला साधं भिंग करायचं तर काच हातभर जाड आणि टनावारी वजनाची झाली असती. फ्रेनेलच्या डोक्यात आलं की वाकवायचं काम काचेचा पृष्ठभाग करतो, मधली जाडी नुसतीच ओझं. ती काढून टाकली आणि उरलेल्या कडा एकात एक बसवल्या. कांदा आडवा कापल्यावर दिसतात तशी वलयं तयार झाली. 1823 मध्ये फ्रान्सच्या कोर्दुआँ दीपगृहात असं पहिलं भिंग लागलं. चारच वर्षांनी फ्रेनेल क्षयाने गेला, वय अवघं एकोणचाळीस. पहिल्या दर्जाचं फ्रेनेल भिंग अडीच मीटरहून उंच असतं; आत माणूस आरामात उभा राहतो.

काच हलकी झाली तरी शेवटी टन दोन टन होतीच. ती फिरवायची कशी? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तोडगा निघाला: भिंग पाऱ्याच्या गोल हौदात तरंगतं ठेवायचं. मग टनावारी काच एका बोटाच्या ढकलण्याने फिरायला लागली आणि चावीचं काम निम्म्यावर आलं. पाऱ्याच्या वाफेचा हिशोब मात्र तेव्हा कुणी मांडला नाही. जुन्या बत्तीवाल्यांच्या वेडाच्या ज्या दंतकथा जगभर सांगितल्या जातात, त्यांतल्या काहींचं खापर आता एकटेपणाऐवजी पाऱ्यावर फुटतं.

दिवा लावण्या-विझवण्याचं काम कुणी नेलं, तर स्वीडनच्या गुस्ताव डालेनने. 1907 च्या सुमारास त्याने 'सूर्यझडप' तयार केली. रचना इतकी साधी की राग यावा. मधे एक काळी दांडी, भोवती चकचकीत दांड्या. ऊन पडलं की काळी दांडी उजेड पिऊन तापते, बाकीच्यांपेक्षा केसभर जास्त लांबते आणि गॅसची झडप दाबून बंद करते. अंधार झाला की ती आखडते, झडप उघडते, कोपऱ्यात तेवत असलेली बारीक ज्योत गॅस पेटवते. ना घड्याळ, ना वीज, ना माणूस. अवकाळी ढगाळून आलं तर भर दुपारीही दिवा आपोआप लागायचा. सोबत त्याने गॅस सतत न जाळता थोडाथोडा सोडून चमकवायची युक्ती काढली, त्यामुळे एका टाकीवर दिवा महिनोन्‌महिने चालायला लागला. दुर्गम खडकावरच्या बत्तीला माणसाची गरज उरली नाही.

1912 चं भौतिकशास्त्राचं नोबेल डालेनला मिळालं, याच कामासाठी. त्याच वर्षी ॲसिटिलीनच्या टाक्यांची चाचणी घेताना स्फोट झाला आणि त्याची दृष्टी कायमची गेली. पारितोषिक घ्यायला त्याचा भाऊ गेला. तो डोळ्यांचा डॉक्टर होता. डालेन आणखी पंचवीस वर्षं जगला, कंपनी चालवत राहिला, आणि घरात बसल्या बसल्या स्वयंपाकाची एक शेगडीही शोधली, जी पुढे इंग्लंडमधल्या घराघरांत गाजली. दीपगृहाइतकीच ती शेगडीही कुणी लक्ष न देता रात्रंदिवस तापलेली राहते.

पुढची वाटचाल झपाट्याने झाली. वीज आली, वात गेली. मग बल्ब उडाला तर शेजारचा राखीव बल्ब आपोआप पुढे सरकवणारी चकती आली. रात्री दोनला शिडी चढायचं काम संपलं. सौर पट्ट्या आल्या, डिझेलचे पिंप बेटावर चढवायचं काम संपलं. एलईडी आले आणि पूर्वी हजार वॅट खाणारं काम फार थोड्या वॅटवर होऊ लागलं. सूर्यझडपेच्या जागी प्रकाश ओळखणारा चिमुकला सेन्सर बसला, तोच जो रस्त्यावरच्या दिव्यांत असतो. जुलैत खंडाळ्यात भर दुपारी दिवे लागलेले दिसले तर नगरपालिकेला शिव्या घालू नका. धुकं इतकं दाट आहे की सेन्सरला संध्याकाळ झाल्यासारखी वाटतेय.

आणि पडद्यांचं काय झालं? पडदे लावायला माणूसच नाही, तर ऊन एका जागी पडूच नये याची सोय केली. कित्येक स्वयंचलित दीपगृहांत जुनं भिंग दिवसाही फिरतंच ठेवतात. बघणाऱ्याला वाटतं, वीज वाया घालवतायत.

इंग्लंडमधला शेवटचा बत्तीवाला नोव्हेंबर 1998 मध्ये खाली उतरला, केंटच्या नॉर्थ फोरलँडवरून. म्हणजे खांदेरीला कान्होजींचं नाव मिळालं, त्याच वर्षी.

डोळे मिचकावण्याचा हिशोब

दीपगृहाचा उजेड नुसता लागून उपयोग नाही. तो कुठल्या दीपगृहाचा हे कळायला हवं. म्हणून प्रत्येकाची लय वेगळी ठरवतात. एक दहा सेकंदांत एकदा चमकेल, दुसरं वीस सेकंदांत तीनदा. शेजारशेजारच्या दोघांची लय सारखी ठेवत नाहीत. खलाशी हातात घड्याळ धरून मोजतो आणि यादीत बघतो. दिवसा दिवा दिसत नाही, तेव्हा ओळख रंगावर: काळे-पांढरे पट्टे, लाल-पांढरे पट्टे. हौसेची रंगरंगोटी नव्हे ती, पत्ता असतो.

आता तर बत्ती रडारवर अक्षरही लिहिते. दीपगृहावर बसवलेल्या यंत्राला जहाजाच्या रडारची लहर लागली की ते उत्तर पाठवतं, आणि पडद्यावर दीपगृहाच्या जागेमागे मोर्स लिपीतलं एखादं अक्षर उमटतं. याच्याही पुढची पायरी म्हणजे मुळात अस्तित्वातच नसलेलं दीपगृह: नुसता रेडिओ संदेश, जो जहाजाच्या नकाशावर खूण उमटवतो. पाण्यात एक वीटही नाही. नवा बुडालेला सांगाडा सापडला की बोया न्यायच्या आधी अशी खूण काही मिनिटांत उभी करता येते.

यंत्राला न जमलेलं

काच पुसणं. एवढंच, पण ते राहिलंच आहे. खाऱ्या वाऱ्याने काचेवर मिठाचा थर बसतो, पक्षी आपलं काम करून जातात, सौर पट्ट्यांवरही तेच. सेन्सर सांगतो की दिवा लागला; काच मळली म्हणून उजेड निम्माच बाहेर जातोय, हे जहाजावरच्या माणसाच्या डोळ्यालाच आधी कळतं. मग कुणीतरी समुद्र शांत असेल तो दिवस बघून होडीत बसतो, ओल्या खडकावर उडी मारतो, शेकडो पायऱ्या चढतो आणि फडकं काढतो. 'स्वयंचलित' या पाटीखाली ही चढउतार चालूच असते. बेटावर वस्तीला राहणारा गेला, फेरी मारणारा आला.

पक्ष्यांवरून आठवलं. वेंगुर्ल्यासमोर समुद्रात 'वेंगुर्ला रॉक्स' नावाचा खडकांचा पुंजका आहे, दीपगृह असलेला. तिथल्या गुहेत पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे. ही पाकोळी लाळेने घरटं बांधते, आणि त्याच घरट्यांच्या सुपाला परदेशात सोन्याचा भाव आहे. घरट्यांची चोरटी वाहतूक पकडली गेल्यावर सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने तिथे राखण सुरू केली. म्हणजे दिव्याला राखणदार लागेनासा झाला, तेव्हा घरट्यांना लागायला लागला.

समुद्राचा कारभार, डोंगरातून

देशभरातली दोनशेहून जास्त दीपगृहं सांभाळणाऱ्या महासंचालनालयाचं मुख्य कार्यालय कुठे असेल? मुंबई? कोची? विशाखापट्टणम? नोएडाला. जिथून समुद्र बघायचा तर आगगाडीत रात्र काढावी लागते तिथे. कारभाराचा कायदा 1927 चा होता. 'ट्रेझर आयलंड'चा लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन याचं घराणं स्कॉटलंडमधलं नामांकित दीपगृह-बांधकाम करणाऱ्यांचं, आणि त्याच घराण्यातले डी. ॲलन स्टीव्हन्सन त्या सुमारास आपल्या किनाऱ्यावरच्या बत्त्या तपासायला आले होते. 2021 मध्ये नवा कायदा आला; त्यात नुसती दीपगृहं नाहीत, रडारवरची आणि रेडिओवरची साधनंही बसतात.

नोएडाला हसण्याआधी भुशी धरणावरून पुढे टायगर पॉइंटला जाताना डावी-उजवी बघा. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरवर आयएनएस शिवाजी ठाण मांडून आहे. फेब्रुवारी 1945 पासून नौदलाच्या जहाजांची इंजिनं चालवायला शिकवणारं हे ठिकाण. नौदलाच्या रिवाजाप्रमाणे किनाऱ्यावरचा तळही जहाजच मानतात, म्हणून नावाआधी 'आयएनएस'. मुंबईच्या तळाचं नाव आयएनएस आंग्रे. शिवाजी डोंगरावर, आंग्रे बंदरात. त्यातल्या एकालाही कधी नांगर उचलावा लागलेला नाही, आणि लोणावळ्याच्या पावसात जहाजावर पाणी मात्र भरपूर येतं.

कोळ्यांना या सगळ्याचं नवल नाही. त्यांची आई पूर्वीपासून डोंगरावरच आहे. चैत्रात कार्ल्याच्या एकवीरेच्या यात्रेला वरळी, वसई, उरण, अलिबागपासून आगरी-कोळी माणसं लोटतात. वर्षभर बत्तीच्या इशाऱ्यावर होडी हाकणारा माणूस नवस फेडायला वेहेरगावच्या पायऱ्या चढतो. देवीच्या देवळाला लागूनच दोन हजार वर्षांपूर्वीचं चैत्यगृह आहे आणि त्याच्या खांबांवर दात्यांची नावं कोरलेली आहेत. त्यात 'यवन' म्हणवणारे परदेशी आहेत, आणि सोपाऱ्याहून, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याहून आलेला एक भिक्षूही. त्या काळी सोपारा हे मोठं बंदर होतं. बंदरातला पैसा घाट चढून डोंगरात खांब कोरायला यायचा.

जाता जाता, सुटे पैसे

मुंबईच्या कुलाब्याच्या टोकाचं प्राँग्ज दीपगृह 1875 चं. थॉमस ऑर्मिस्टनने बांधलं, खर्च त्या काळी सहा लाख रुपयांहून जास्त. ओहोटीला तिथवर पायी जाता येतं; भरतीचं वेळापत्रक न बघता गेलात तर मुक्काम पक्का.

कोर्लईचं दीपगृह किल्ल्याच्या पायथ्याशी आहे. शेजारच्या गावात अजूनही पोर्तुगीजमिश्रित बोली बोलली जाते, मराठीच्या मधोमध.

गोव्याच्या आग्वादवर 1864 चं दीपगृह आहे. जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाची भलीमोठी घंटा मठ पडल्यावर काही वर्षं आग्वादला होती. 1871 मध्ये ती पणजीच्या चर्चमध्ये गेली आणि तिथेच आहे. भारतातला पहिला दीपगृह महोत्सव सप्टेंबर 2023 मध्ये भरला तोही आग्वादलाच, आणि पुढच्या फेब्रुवारीत देशातली 75 दीपगृहं पर्यटकांसाठी सजवून खुली झाली.

आता बेत. लोहगड आणि खांदेरी, जागतिक वारशातले दोन किल्ले, एका अक्षांशावरचे, एका शनिवार-रविवारात करायचे तर मामला अवघड नाही. पण एक मेख आहे. खांदेरीला थळहून होडी मिळते, आणि पावसाळ्यात होड्या बंद. लोहगडावर मात्र सगळा महाराष्ट्र पावसाळ्यातच चढतो, इतका की पायऱ्यांवर पुढच्याच्या बॅगेखेरीज काही दिसत नाही. म्हणून डिसेंबर-जानेवारी धरा. शनिवारी विंचूकाटा, रविवारी थळ. भरती-ओहोटी आधी होडीवाल्यालाच विचारा, मासे कुठले लागलेत तेही विचारून ठेवा. आणि तो वाजणारा दगड हळू ठोका. तुमच्या मागे रांग असणार आहे.